टॅब कपाटात होता, बाई

बाई, तुमच्या शोकसभेत मी बोलले नाही. मुख्याध्यापक सर म्हणाले, "मावशी, या ना पुढे. दोन शब्द बोला. त्यांच्या वर्गात तुमचाच वावर जास्त." मी तुमच्या फोटोला हात जोडले आणि मागे जाऊन पाण्याचे ग्लास भरत बसले. कोणाला पाणी नको होतं. तरी भरले.

बोलणाऱ्यांनी सांगितलं, तुम्ही हसतमुख होता, शांत होता. हसतमुख होता हे खरं. शांत कुठे होता? पाढे घ्यायला लागलात की तुमचा आवाज खाली गेटपर्यंत यायचा. आणि माझ्याशी तर तुम्ही तीन वर्षं भांडलात. ते भांडण अर्धं राहिलं. अजून एक गोष्ट आहे, ती तर चारचौघांत सांगण्यासारखीच नाही. मी तुमच्याशी खोटं बोलले. तुम्ही दवाखान्यात पडून होता तेव्हा. आज तुमचा तेरावा झाला. तुमच्या डोंबिवलीच्या घरी मी आले नाही, तुमच्या माणसांच्या समोर मला बसवलं नसतं. म्हणून ही वही घेतली आहे.

सिद्धी पहिल्यांदा आली तो दिवस आठवतो. सात वर्षांच्या पोरीला आईने कडेवर आणलेलं. मान एका बाजूला, हात आपोआप उडायचे, तोंडातून शब्द नाही, नुसता आवाज. दुसरीचा वर्ग तुमच्याकडे होता, पुढे चौथीपर्यंत तुम्हीच त्याच्याबरोबर वर चढलात. तुम्ही तिच्या आईला विचारलं, "हिला आवडतं काय?" आई गोंधळली. असं कोणी विचारलं नसावं. मग म्हणाली, "टीव्हीवरच्या जाहिराती." तुम्ही म्हणालात, "मग पटेल आमचं. मला पण मालिकेपेक्षा जाहिराती बऱ्या वाटतात." आई हसली आणि लगेच पदराने डोळे पुसले.

तेव्हापासून सिद्धी माझ्याकडे. खिचडी भरवायची, बाथरूमला न्यायचं, लाळ पुसायची. आणि ती मोठ्याने आवाज करायला लागली की उचलून व्हरांड्यात न्यायचं. हे शेवटचं काम तुम्ही सांगितलं नव्हतं. ते माझं मीच ठरवलेलं. त्यावरूनच आपलं भांडण.

"मावशी, तिला बाहेर नेऊ नका."

"बाई, पण बाकीच्या पोरांनी शिकायचं कसं?"

"बाकीची पोरं काय मुकी आहेत? तो मागचा दिवसभर बाक वाजवतो, त्याला नेता का उचलून?"

"तो उचलवत नाही मला."

तुम्ही हसलात. पण सोडलं नाहीत. म्हणालात, "दिवसातून चार वेळा ती बाहेर जाते. तेवढ्या वेळात वर्गात जे होतं ते तिचं नसतं का?"

तेव्हा मी उत्तर दिलं नाही. आता देते. बाई, मी लहान असताना मला फळ्यापाशी उभं केलं की सगळा वर्ग माझ्याकडे बघायचा आणि माझे कान तापायचे, डोळ्यांतून पाणी यायचं. तेव्हा कोणीतरी हात धरून मला बाहेर न्यावं असं वाटायचं. कोणी नेलं नाही. म्हणून मी सिद्धीला नेत होते. मला वाटायचं मी तिला वाचवते. हे तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता, ते मला आता कधीच कळणार नाही.

मग टॅब आले. कोणीतरी शाळेला दिलेले, खोक्यात तसेच पडून होते. तुम्ही सरांच्या मागे लागून तीन काढायला लावलेत. एक त्या कमी दिसणाऱ्या मुलीला, फळ्याचा फोटो काढायचा आणि बोटांनी मोठा करून वाचायचा. एक अक्षरं उलटीपालटी दिसणाऱ्या मुलाला, धडा कानात ऐकायचा. ती दोघं पुढे दुसऱ्या शाळेत गेली. तिसरा सिद्धीचा. त्यात चित्रांचे चौकोन, चौकोनाला बोट लावलं की टॅब तो शब्द बोलणार. पण तिचं बोट एका जागी पडायचं नाही, एकदम तीन चौकोन दाबले जायचे. तुम्ही स्टेशनजवळच्या नंबरप्लेटवाल्याकडे जाऊन प्लास्टिकची पारदर्शक पट्टी कापून आणलीत, प्रत्येक चौकोनावर एक भोक. बोट भोकात गेलं की तेच चित्र. तो माणूस विचारत होता म्हणे, "मॅडम, ही कुठल्या गाडीची प्लेट?"

टॅबचा स्वतःचा आवाज तुम्हाला आवडला नाही. "बँकेत टोकन पुकारतात तसं वाटतं," म्हणालात. मला म्हणालात, "मावशी, तुमचा आवाज भरू या," मी तर पळालेच. तुम्ही स्वतःचा आवाजही घातला नाहीत. "ती आठ वर्षांची आहे. तिला आठ वर्षांचा आवाज पाहिजे." मग तन्वीला पकडलं. वर्गातली सगळ्यात बडबडी. जिन्याखालच्या सामानाच्या खोलीत तिला बसवून तुम्ही एकेक शब्द बोलवून घेतलात आणि मी दारात पहारा देत होते. 'मला पाणी पाहिजे' म्हणताना विठ्ठलवाडी स्टेशनकडून लोकलचा भोंगा वाजला आणि तो पण आत गेला. परत बोलू या म्हटलं तर तन्वी म्हणाली, "राहू दे ना बाई, भारी वाटतंय." तेव्हापासून सिद्धीने पाणी मागितलं की मागे गाडी यायची आणि सगळा वर्ग "आली, आली" करायचा. सिद्धी मुद्दाम पाणी मागायला लागली.

तिने पहिल्या आठवड्यात काय काय केलं आठवतं? गणिताच्या तासाला 'थांबा'. प्रत्येक गणिताला 'थांबा'. मुलं खूश. आणि सर वर्गात भाषण करायला आले तेव्हा 'कंटाळा आला'. सरांचं तोंड! तुम्ही खाली वाकून खडू शोधायला लागलात, तो सापडेचना. तन्वीला मुलं चिडवायची, "एक तन्वी काय कमी होती, आता दोन झाल्या."

आता ती दसऱ्याची गोष्ट. त्यावर आपण परत बोललो नाही. मला बोलायचं होतं.

सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी शाळेत पाटीपूजन असतं. ते सगळं मीच मांडते. पाट, रांगोळी, पाट्यांवर एकच्या आकड्यांनी काढलेली सरस्वती, झेंडू. तुम्ही सकाळी ठाण्याला प्रशिक्षणाला गेला होता. मी पुस्तकं मांडली, खडूचा डबा मांडला, आणि मला वाटलं, या शाळेतली सगळ्यात मोठी विद्या तर सिद्धीच्या बाकावर आहे. माझे वडील गवंडी. खंडेनवमीला थापी आणि ओळंबा धुऊन पूजेत ठेवायचे. एकदा पूजेला बसवलं की दिवसभर त्याला हात लावायचा नाही, दुसऱ्या दिवशी फूल वाहून मगच उचलायचं. आमच्या घरी वस्तूला याच्यापेक्षा मोठा मान नव्हता. मी तिचा टॅब ओल्या फडक्याने पुसला, पाटावर मधोमध ठेवला, हळदकुंकू वाहिलं, वर झेंडू.

सिद्धी पाटाकडे हात करत होती. परत परत करत होती. आवाज करत होती. मला वाटलं, देवीला नमस्कार करायचाय. मी तिच्यापाशी बसले, तिचे दोन्ही हात धरले आणि जोडून दिले. ती हात सोडवत होती आणि मी जोडत होते. म्हणत होते, "असं, असं कर बाळा."

मग बाकाखाली ओलं झालं. पोरं ओरडली, "मावशी, सिद्धीने केली! शी!" हसली. तन्वीसुद्धा हसली. मी तिला उचलून व्हरांड्यात नेलं.

तुम्ही दुपारी आलात. व्हरांड्यात ती माझ्या ओढणीत गुंडाळलेली होती. तुम्ही वर्गात डोकावून पाट बघितलात, आणि तुम्हाला सगळं कळलं. तुम्ही माझ्यावर कधी ओरडला नव्हता. त्या दिवशी ओरडलात. "मावशी, तुमची जीभ काढून ठेवू का पाटावर? वाहू का कुंकू? उद्यापर्यंत बोलू नका मग!" आणि पूजेतला टॅब उचललात, झेंडू खाली पडला, पदराने कुंकू पुसलंत आणि तिच्या मांडीवर ठेवलात. मला वाटलं, बाईंनी पूजा मोडली. खरं सांगते, पहिल्यांदा तेच मनात आलं. बाकीचं नंतर.

सुट्टी संपल्यावर तुम्ही पर्समधून सुकलेली आपट्याची पानं काढून माझ्या हातात ठेवलीत. "घ्या सोनं. चिडले मी. पण चूक तुमचीच होती हां." मी मान हलवली. 'मी मानच देत होते बाई तिला,' हे ओठांवर होतं, बोलले नाही. पूजेच्या नादात मी तिला सकाळभर मुकं ठेवलं, हे त्याच रात्री कळलं होतं मला. तेही बोलले नाही.

संक्रांतीनंतर तुमचं पोट दुखायला लागलं. आधी दोन दिवस रजा, मग आठवडा, मग लांब रजा. नवीन मॅडम अजून यायच्या होत्या. सरांनी मला बोलावलं. सर वाईट नाहीत, तुम्हाला माहीत आहे. फक्त घाबरतात. म्हणाले, "तो टॅब बाईंच्या नावावर आहे. बाई रजेवर. फुटला, हरवला तर मी कोणाला काय सांगू? बाई आल्या की काढू. तोपर्यंत कपाटात."

"सर, सिद्धी बोलते त्याच्यावर."

एवढं तरी बोलले मी. सर म्हणाले, "दोन-तीन आठवड्यांचा प्रश्न आहे, मावशी."

टॅब आणायला मीच गेले. बाकाला चिकटपट्टीने चिकटवलेला होता. मी ती चिकटपट्टी उपटायला लागले तर त्याचा चर्र आवाज झाला आणि सगळ्यांनी मागे बघितलं. सिद्धीचं बोट भोकात होतं. तन्वीच्या आवाजात टॅब बोलला, "थांबा." मी चिकटपट्टी ओढत होते. "थांबा." तिसऱ्यांदा बोलला तेव्हा तो माझ्या हातात होता आणि मी दाराकडे चालले होते. बाई, मी थांबले नाही.

त्यानंतर सिद्धी पंधरा दिवस खूप ओरडली. मी बाहेर नेत होते, आत आणत होते. मग तिने ओरडणं बंद केलं. हात बाकाखाली घेऊन बसायला लागली. नवीन मॅडम त्यानंतर आल्या, त्यांनी तिला चित्रांची वही दिली, ती उघडी असायची, पान बदलायचं नाही. मॅडम मला म्हणाल्या, "मला काय काय सांगितलेलं हिच्याबद्दल. किती गुणी आहे ही, आवाज नाही की त्रास नाही." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांनी आधीची सिद्धी बघितलेलीच नाही.

तिची आई एकदा न्यायला आली तेव्हा म्हणाली, "चौथी झाली की घरीच ठेवते. पुढच्या शाळेत कोण घेणार? आणि इथे तरी काय, नुसती बसते." मी म्हटलं, शिकते ती. आई म्हणाली, "तुम्ही पण चौथीच ना हो मावशी? काय अडलं तुमचं?" टोमणा नव्हता तो, खरंच विचारत होती. काय काय अडलं ते सांगायला माझं तोंड उघडलं नाही. हेच अडलं, बहुतेक.

होळीच्या आधी मी ठाण्याला तुम्हाला बघायला आलेले. तुमच्या तोंडावर मास्क होता, बोलायला मनाई. तुमच्या सासूबाई म्हणाल्या, पाचच मिनिटं. मी स्टुलावर बसले, काय बोलावं सुचेना. तुम्हीच हात वर केलात. सुई लावलेला हात. बोटाने हवेत एक चौकोन काढलात आणि त्याच्यात टक, टक, टक केलंत. मग माझ्याकडे बघितलंत. भुवया वर.

मी मान हलवली. वर म्हटलं, "हो बाई. रोज. रोज बोलते."

तुम्ही डोळे मिटलेत आणि माझा हात दाबलात. किती जोर होता त्या हातात. मला वाटलं तुम्हाला कळलं की काय. पण तुम्ही मास्कच्या आत हसत होता, गाल वर झालेले. खाली येऊन मी रिक्षात बसले आणि रिक्षावाल्याने दोनदा विचारलं, "मावशी, कुठे जायचं?" मला ठाणे स्टेशन सांगायचं होतं, तेच आठवेना.

टॅब कपाटात होता, बाई. त्या दिवशीही होता. किल्ली माझ्या कमरेला होती. सकाळी शाळा मीच उघडते, झाडते, कपाटही मीच पुसते. मी रोज त्याला फडकं मारत होते.

तुम्ही गेल्याचा फोन सरांना आला. दुसऱ्या दिवशी शोकसभा. सर म्हणाले, "सिद्धीला अंगणवाडीच्या खोलीत बसवा, दोन मिनिटं शांतता असते, मध्येच ओरडेल." मी बसवली. तुमच्यासाठी सगळी शाळा उभी राहिली, एक तीच नव्हती. मुलांना मॅडमनी समजावून सांगितलं, काही रडली, तन्वी तर हुंदके देत होती. सिद्धीला कोणी काही सांगितलं नाही. माझ्यासुद्धा डोक्यात आलं नाही. तिला माहीत असेल की नसेल, असा प्रश्नच कोणाला पडला नाही.

काल सकाळी मी कपाट उघडलं. कोणाला विचारलं नाही. टॅब मेलेला होता, काही दिसेना. ऑफिसात चार्जिंगला लावला आणि त्याच्यापुढे झाडू घेऊन उभी राहिले. सर आले.

"हे काय, मावशी?"

"चार्जिंगला लावलाय."

"ते दिसतंय. कशाला?"

मी वायर काढली नाही. सर टेबलावरचे कागद हलवत म्हणाले, "शनिवारी परत आत पाहिजे. मी काही बघितलं नाही." आणि बाहेर गेले.

मधल्या सुट्टीनंतर मी तो तिच्या बाकावर ठेवला. प्लास्टिकची पट्टी बसवली. तिने बघितलं नाही. हात खालीच. मी तिचा उजवा हात वर काढून ठेवला आणि बाजूला झाले. मॅडम भूगोल शिकवत होत्या. बराच वेळ काही नाही. मग बोट हललं. चुकीच्या भोकात गेलं, 'भूक'. परत. 'पंखा'. परत. मॅडम थांबल्या, त्यांनी हा आवाज कधी ऐकलाच नव्हता. सगळी पोरं मागे वळली. सिद्धीच्या कपाळाला घाम आलेला. आणि मग टॅबवरच्या तुमच्या फोटोचा चौकोन. तन्वीचा आवाज बोलला, "बाई." मग, "कधी." मग खूप वेळाने, "येणार."

तन्वी हळूच म्हणाली, "ए, ती विचारतेय बाई कधी येणार."

मॅडम घाईघाईने माझ्याजवळ आल्या, कानात म्हणाल्या, "सांगा, येतील लवकर. सांगा ना. तिला काय कळतंय?"

सोपं होतं ते. मान हलवायची. मला ते येतं, मी एकदा केलेलं आहे. मी बाकापाशी खाली बसले. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता आणि माझे कान तापले. मी म्हटलं, "सिद्धी, बाई वारल्या. आजारी होत्या ना, त्या वारल्या. आता येणार नाहीत."

तिने परत तुमचा फोटो दाबला. "बाई." मी म्हटलं, "नाही बाळा. येणार नाहीत." तिने परत दाबला. मी परत सांगितलं. चार वेळा दाबला, चार वेळा सांगितलं. मग तिचा हात पट्टीवरून घसरला, मान मागे गेली आणि ती रडायला लागली. तुम्हाला माहीत आहे ती कशी रडते. अख्खी इमारत ऐकते. शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन गेले. पुढच्या बाकावरच्या एकीने कानांवर हात ठेवले. सगळे तिच्याकडे बघत होते, बाई, सगळेच्या सगळे, आणि तुमचं बरोबर की माझं, मला अजूनही ठरवता येत नाही.

मॅडम म्हणाल्या, "मावशी, बाहेर न्या हिला."

मी म्हटलं, "नको, मॅडम."

"काय?"

"इथेच राहू दे."

"अहो, पण किती वेळ?"

"माहीत नाही," मी म्हटलं, आणि तिच्या बाकाला पाठ टेकून खाली फरशीवर बसले.